रात्री नऊचा आकडा सांगा : दूरसंचार नियामकांना अमळनेरहून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

एकेका ग्राहकाच्या तक्रारीत ट्राय पडत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमच्या संकेतस्थळावर ते स्वच्छ लिहिलं आहे. त्यामुळे हे पत्र तक्रार अर्ज समजू नका. चार लोकांना वाचता यावं म्हणून ते उघडं लिहितोय. ब्रॉडबँडच्या वेगाबद्दलची माझी मुख्य मागणी एकच आहे, ती शेवटी येईल. आधी थोडं ऐकून घ्या.

मी अमळनेरला ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, पीक विमा, प्रवेशाच्या फॉर्मा, रेल्वेची तिकिटं, लाइट बिल. गाव तुम्हाला अगदीच अनोळखी नसावं. १९४५ साली वनस्पती तुपाची एक कंपनी इथे निघाली, तीच पुढे विप्रो झाली. संगणकाच्या धंद्यात जगभर गेलेल्या कंपनीचं हे जन्मगाव, आणि इथे रात्री साडेआठनंतर सरकारी पोर्टलचं पान उघडायला घेतलं की तेवढ्यात मी शेजारच्या टपरीवर चहा पिऊन येतो. टपरीवाल्याचा त्यात फायदाच आहे.

माझा इंटरनेटचा प्लॅन २०० एमबीपीएस वेगाचा. महिन्याला ७९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९४३ च्या घरात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट बदलत नाही. बसस्टँडसमोर तिचा फलक आहे. २०० हा आकडा त्यावर माणसाच्या उंचीएवढा, आणि त्याच्या डोक्यावर, चिंचोक्यावर कोरावं तेवढ्या अक्षरात, ‘अप टू’.

गेल्या पीक विम्याच्या हंगामातली एक संध्याकाळ सांगतो. शेवटच्या तारखेला दोन दिवस राहिले होते. मारवडकडचे एक आबा दुपारपासून बाकावर बसलेले. पिशवीत पासबुक, आधारची झेरॉक्स, पेरणीचं स्वयंघोषणापत्र. दिवसभर गर्दी होती, त्यांचा नंबर लागला तेव्हा पावणेनऊ झाले. माहिती भरली, पासबुकाचा फोटो चढवायला टाकला. गोल फिरायला लागला. ऐंशी टक्क्यांवर थांबला. मग ‘सेशन एक्स्पायर्ड’. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी आबा उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “भाऊ, ते चाक फिरीच ऱ्हायनं?” शेवटची गाडी निघून गेली होती. त्यांना मी मोटरसायकलवर घरी सोडलं आणि अर्ज पहाटे साडेपाचला उठून भरला. पहाटे तो चार मिनिटांत गेला. तेच पोर्टल, तोच संगणक, तीच वायर. पोर्टलवर पहाटे गर्दी नसते हेही त्यात असेल, मी नाकारत नाही. पण त्याच रात्री पावणेनऊला मी मोबाइलचा डेटा लावून पाहिला होता. पान त्याच्यावर उघडत होतं.

दुसऱ्या दिवशी तक्रार केली. लाइन दुरुस्त करायला येणारा मुलगा आला, बिचारा शिडी खांद्यावर घेऊन उन्हात आला. पॉवर मीटर लावला, फायबरचा सिग्नल बरोबर निघाला. मग त्याने मोबाइल काढला आणि नेहमीचा प्रश्न विचारला : “भाऊ, यूट्यूब चाली ऱ्हायनं ना?” चालत होतं. “मंग? लाइट हिरवा शे, यूट्यूब चाली ऱ्हायनं, आते काय करू मी?”

यूट्यूब चालतं ना. आमच्याकडे इंटरनेटची ही कसोटी आहे. गंमत म्हणजे यूट्यूब चालतं, हेच खरं तर दुखण्याचं मूळ सांगून जातं. ते पुढे येईलच.

त्या दिवशी मी शाळेची दोनशेपानी वही काढली आणि रोज तीनदा वेग मोजायला लागलो. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ. वायफाय बंद, केबल थेट लॅपटॉपला, बाकी सगळी यंत्रं बंद. पहिल्या आठवड्यात सकाळी सातला काय आलं? ९४, ९३, ९४, ९४. पहाटेसुद्धा अर्ध्याच्या वर जात नाही म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मी त्या शिडीवाल्या मुलाला फोनवर नको ते बोललो. त्याबद्दल त्याची माफी नंतर मागितली, कारण चूक निराळीच निघाली. कंपनीने जोडणीसोबत जो राउटर दिला होता, त्याच्या पोर्टची क्षमताच १०० एमबीपीएसची. अशा पोर्टातून, डेटासोबत जाणाऱ्या यंत्रणेच्या नोंदी वजा जाता, ९४-९५ च्या वर काही निघत नाही. डब्याच्या तळाशी ‘१०/१००’ असं छापलेलं होतं. मी वीस वर्षं संगणकाच्या धंद्यात आहे आणि मला ते उलटं करून बघायचं सुचलं नाही. माझ्या गिऱ्हाइकांना कुठून सुचणार?

आता सांगा, ही चूक कोणाची? २०० चा प्लॅन विकायचा, त्याचं बिल दर महिन्याला घ्यायचं आणि घरात बसवायचा तो डबा शंभरीचा. मुंबईहून तुम्ही कितीही वेग पाठवा, तो त्या डब्याच्या दारातून आत यायचाच नाही. दहा लिटर तेलाचे पैसे घेऊन पाच लिटरचा डबा हातात ठेवला, तर अमळनेरच्या बाजारात त्या दुकानदाराला लोक उभा करणार नाहीत. माझ्या ओळखीतल्या सहा घरांचे डबे मी उलटे करून पाहिले, चार घरांत तेच. त्यांपैकी एका घरात तर प्लॅन ३०० चा आहे.

पदरचे पैसे घालून दुसरा राउटर आणला. मग सकाळचे आकडे सुधारले : १८८, १९१, १८६. मान्य करतो, सकाळी कंपनी शब्दाला जागते. दुपारी दीडशेच्या आसपास. रात्री नऊला ४१. ३८. ५२. ४४. आयपीएलचा सामना असला की २९.

एका रात्री मात्र १७६ आले. मी दोनदा मोजलं. वाटलं, लाइन सुधारली. बाहेर येऊन बघतो तर गावाच्या पलीकडच्या भागात अंधार. तिकडे वीज गेली होती आणि आमच्या भागात होती. अर्धं गाव नेटवरून उतरलं, तेव्हा माझं नेट मला मिळालं. त्या रात्रीचा आकडा मी वहीत लाल पेनने लिहिला आहे, कारण त्यापुढे कुठल्याही तज्ज्ञाच्या खुलाशाची गरज राहत नाही.

माझं आजोळ साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. पांझरेवरची फड पद्धत तुम्ही ऐकली असेल, काही शतकांपासून चालत आलेली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटावर फड, म्हणजे शेतांचे पट्टे. त्या वर्षी पाणी किती आहे ते बघून किती फड भिजवायचे, कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं, हे शेतकऱ्यांनी एकत्र बसून ठरवायचं, आणि पाटकऱ्याने वरच्या शेतापासून शेपटाच्या शेतापर्यंत पाणी फिरवायचं. पाणी थोडं असलं तर थोडं आहे हे सगळ्यांना आधी कळायचं. ‘तुला अमुक एवढं पाणी मिळेल, पर्यंत’ असं सांगून पेरणी करायला लावणारा पाटकरी कोणी पाहिला नाही.

इंटरनेटही वाटूनच घ्यायचं असतं, आणि त्यात गैर काही नाही. फायबरची जी पद्धत सध्या घरोघर आहे, तिच्यात एका फायबरवरून सुमारे २.५ जीबीपीएस, म्हणजे अडीच हजार एमबीपीएस, उतरतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत फाटे पाडून देतात. चौसष्ट घरांनी एकाच क्षणी पूर्ण ओढलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ३९ एमबीपीएस. पण सगळे एका क्षणी ओढत नाहीत, म्हणून ते चालून जातं. तुमच्याच २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत घरगुती ब्रॉडबँडला एकास पन्नासपर्यंत वाटणी चालेल असं म्हटलं होतं. प्रत्येकाला स्वतंत्र २०० द्यायचे तर बिल माझ्या दुकानाच्या भाड्याएवढं येईल, हे मला कळतं. वाटणी करा, पण पन्नास जणांना वाटलेली वस्तू प्रत्येकाला अख्खी म्हणून विकू नका.

आता यूट्यूबचं. गर्दी नेमकी कुठे होते हे शोधायला मी आणखी एक प्रयोग केला. वेग मोजायच्या ॲपमध्ये सर्व्हर आपोआप निवडला जातो, आणि पुष्कळदा तो आपल्याच कंपनीचा, जवळच्या शहरातला निघतो. रात्री नऊला त्या सर्व्हरवर मोजलं तर १८०. लगेच मुंबईतला परका सर्व्हर निवडून मोजलं तर ४०. म्हणजे माझ्या घरापासून कंपनीच्या अंगणापर्यंतचा रस्ता मोकळा आहे, कोंडी अंगणाबाहेर आहे. लहान कंपन्या पुढची बँडविड्थ मोठ्या कंपन्यांकडून विकत घेतात, आणि ती महाग म्हणून बेताची घेतात. यूट्यूबसारख्या मोठ्या सेवांची साठवण मात्र कंपनीच्या स्वतःच्या केंद्रात ठेवलेल्या सर्व्हरवर असते, तिला बाहेर जावंच लागत नाही. म्हणून सिनेमा धावतो आणि पीक विम्याचं पान रांगत येतं. मुलगा व्हिडिओ बघतो तोवर घरात कोणाला काही कळत नाही. मुलीची ऑनलाइन परीक्षा असते, तेव्हा कळतं.

इथे मला तुमच्या नियमाबद्दल बोलायचं आहे. ब्रॉडबँडच्या दर्जाचे २००६ चे नियम मी बसून वाचले. कबूल केलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त वेग मिळालाच पाहिजे, असं त्यात होतं. वाचून आनंद झाला. मग पुढचे शब्द वाचले : कंपनीच्या नोडपासून, म्हणजे तिच्या केंद्रापासून, ग्राहकापर्यंत. म्हणजे बरोबर तेवढाच तुकडा, जिथे आमच्याकडे अडचण नाही! माझी कंपनी त्या परीक्षेत रात्री नऊलाही पहिल्या वर्गात पास. बाहेर जाणाऱ्या जोडण्या गर्दीच्या वेळी किती भरलेल्या असाव्यात, याचीही मर्यादा त्याच नियमांत होती, तेव्हा तुम्ही विचार केला नव्हता असं मी म्हणणार नाही. पण ती मर्यादा कंपनी पाळते की नाही, हे मला माझ्या खुर्चीतून कसं दिसणार? १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे नियम लागू झाले. जोडणी सात दिवसांत, बिघाड तीन दिवसांपलीकडे गेला तर भरपाई, हे सगळं चांगलं आहे. पण भरपाई बंद पडलेल्या लाइनीची. माझी लाइन कधीच बंद नसते. ती मंद असते. बंदला भरपाई मिळते, मंदला “राउटर रिस्टार्ट मारा” एवढंच मिळतं.

आणि आकडे तुमच्यापर्यंत पोचतात ते परिमंडळाचे. दूरसंचारच्या नकाशात मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक परिमंडळ. पुण्याचं हिंजवडी आणि आमच्या सातपुड्याच्या कुशीतलं धडगाव एकाच सरासरीत. धडगावचा माणूस त्या सरासरीत हिंजवडीचा वेग उपभोगतो, कागदावर.

माझी तक्रार कुठवर गेली तेही सांगून टाकतो. टोल फ्री नंबर, डॉकेट म्हणजे तक्रारीचा क्रमांक, दोन तासांनी ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा संदेश. कोणी आलं नाही, काही झालं नाही. पुन्हा डॉकेट, पुन्हा निवारण. असं चार वेळा निवारण झाल्यावर अपील केलं. अपिलाचं उत्तर तीन ओळींचं आलं : जोडणी तपासली, ती सुस्थितीत आहे, प्लॅनमधला वेग ‘अप टू’ आहे.

त्या दोन शब्दांवर सगळी इमारत उभी आहे, साहेब. २०० पर्यंत म्हणजे ४१ सुद्धा, १ सुद्धा. जगातली कुठलीही संख्या ‘पर्यंत’ मध्ये बसते. ग्राहक न्यायालयात जा म्हणाल, तर तो रस्ता उघडा आहे, मला माहीत आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही, आणि फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. पण अमळनेरहून जळगावच्या तारखा करायला दुकान बंद ठेवावं लागतं. एका माणसाने ते करून एका माणसाचं बिल सुधारेल. फलकावरचा आकडा तसाच राहील.

तुम्हाला हे नवं नाही. प्लॅनमधला ठरलेला डेटा संपल्यावर वेग एकदम तळाला नेण्याची सवय कंपन्यांना होती, तेव्हा २०१६ मध्ये तुम्हीच सांगितलं होतं, ५१२ केबीपीएसच्या, म्हणजे सुमारे अर्ध्या एमबीपीएसच्या, खाली न्यायचा नाही आणि आधीचा-नंतरचा दोन्ही वेग जाहिरातीत लिहायचे. लिहायला लागले. ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची रेघसुद्धा २००४ मध्ये २५६ केबीपीएसवर होती, ती २०१३ ला ५१२ वर आणि २०२३ ला २ एमबीपीएसवर गेली. रेघ वर सरकवता येते, हे सरकारने दोनदा दाखवलंय. तरी २ एमबीपीएस आणि २०० एमबीपीएस यांच्या मधल्या त्या एवढ्या मोठ्या मोकळ्या रानात आम्ही ग्राहक उभे आहोत, तिथे कोणाचंच कुंपण नाही.

इंग्लंडात हाच ‘अप टू’ होता. तिकडे दहा टक्के ग्राहकांना मिळाला तरी तो आकडा छापता यायचा. मे २०१८ पासून तिथल्या जाहिरात नियामकाने ठरवलं की जो वेग छापायचा तो रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळी निदान निम्म्या ग्राहकांना मिळत असला पाहिजे. पुढच्या मार्चपासून दूरसंचार नियामकाच्या संहितेत, जी मोठ्या कंपन्यांनी आपखुशीने स्वीकारली, विकतानाच किमान वेग सांगायचा, तो मिळाला नाही आणि तीस दिवसांत सुधारला नाही तर ग्राहकाने दंड न भरता करार मोडायचा, असंही आलं. अमेरिकेत तर २०२४ पासून बिस्किटाच्या पुड्यावर असते तशी चौकट प्रत्येक प्लॅनला छापतात, नेहमी मिळणारा वेग, दर, सगळं. आपल्याकडे पाण्याच्या बाटलीवर बारीक अक्षरात का होईना, काय आहे ते लिहिलेलं असतं.

तर मागणी. फलकावर, मोबाइलवर येणाऱ्या जाहिरातीत आणि बिलावर रात्री नऊचा आकडा छापायला लावा. त्या गावातल्या निम्म्या ग्राहकांना रात्री आठ ते दहा केबल लावून, कंपनीबाहेरच्या सर्व्हरवर जो वेग मिळतो, तो. अमळनेरला ४५ असेल तर ४५ छापा, शिरपूरला ७० असेल तर ७०. लोक मूर्ख नाहीत. ४५ म्हटलं तरी घेतील, कारण ४५ मध्ये माझं दुकान चालतं. आमच्या घरच्यांनी केळीचा भाव पडलेला पाहिलाय, रोज सकाळी पडलेलाच भाव ऐकून बाग उतरवलीय. खरा भाव ऐकायची सवय आहे आम्हाला. आणि जोडणी करताना दिलेला डबा प्लॅनएवढा वेग पेलणारा आहे, एवढं त्या मुलाने कागदावर लिहून सही करून द्यावं. त्याला दोन मिनिटं लागतील.

कंपन्या म्हणतील, गावागणिक आकडा छापणं अशक्य आहे. गावागणिक कोणत्या पेठेत किती जोडण्या विकल्या, कोणाचं रिचार्ज परवा संपतंय, हे त्यांना बरोबर माहीत असतं. माझं रिचार्ज संपायच्या आदल्या दिवशी सकाळी नऊला फोन येतो. एक दिवस चुकलेला नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. तेव्हापासून रेशन, पेन्शन, विमा, शिष्यवृत्ती सगळं एकेक करून या वायरीवर चढत गेलं. खान्देशातला माणूस सरकारच्या दारात जातो तो आता माझ्यासारख्याच्या दुकानातून जातो, आणि बहुतेक संध्याकाळी, शेतातून परतल्यावर. नेमका त्याच वेळी, जेव्हा जाहिरातीतले २०० सर्वांत लांब असतात.

वही माझ्याकडे आहे. मार्च ते मे, रोजच्या तीन नोंदी, दोन दिवस लग्नाला गेलो होतो तेवढे रिकामे. तुमच्यापैकी कोणी किंवा कंपनीपैकी कोणी तपासायला येणार असेल तर जरूर यावं. फक्त सकाळी अकराला येऊ नका, तेव्हा सगळं झकास असतं. रात्री पावणेनऊला या. केबल मी देतो, तोवर शेजारून चहा येईल.

आपला,
एक ग्राहक
अमळनेर, जि. जळगाव